फॅन्टसी बेसबॉल कॅम्प: पैसे वसूल, पण आधी पाय तयार करा

अमेरिकेत राहून ज्यांना बेसबॉलचं वेड लागलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमधल्या टीम्सचे मोठ्या माणसांसाठी कॅम्प असतात, मी फ्लोरिडातल्या एकाला जाऊन आलो, आणि परत जाणार हे आताच सांगतो.

प्रकार असा असतो की टीमचं स्प्रिंग ट्रेनिंगचं (सीझनआधीच्या सरावाचं) कॉम्प्लेक्स जानेवारीत मोकळं असतं, खरे पिचर (बॉल टाकणारे) आणि कॅचर (बॅटरमागे बॉल पकडणारे) फेब्रुवारीच्या मध्याला येतात, त्याआधी हौशी लोक पैसे भरून जवळपास आठवडाभर तिथं खेळतात, त्याच क्लबहाउसमध्ये कपडे बदलतात आणि कोच म्हणून त्या टीमचे रिटायर्ड प्लेअर असतात. सुरुवात केली शिकागो कब्जचे जुने कॅचर रँडी हंडली यांनी, 1983 मध्ये ॲरिझोनात, 1969 च्या कब्ज टीममधले आपले जोडीदार सोबत घेऊन. आता बऱ्याच टीम्स असे कॅम्प घेतात, काही फ्लोरिडात काही ॲरिझोनात, आणि फी साधारण 5,000 डॉलरच्या आगेमागे जाते. त्यात हॉटेल, युनिफॉर्म, सकाळ-दुपारचं खाणं बहुधा धरलेलं असतं, विमानाचं तिकीट मात्र वेगळं, त्यामुळे बुक करताना फीमध्ये काय काय येतं ते नीट विचारा.

पहिल्या दिवशी क्लबहाउसमध्ये गेल्यावर लॉकरवर आपलं नाव, आत आपल्या नावाची जर्सी हँगरवर, खाली घडी केलेली पँट, सॉक्स, बेल्ट सगळं. संध्याकाळी मातीने भरलेले कपडे ढिगात टाकायचे आणि सकाळी येऊन बघावं तर धुऊन परत तिथेच टांगलेले. वाचायला साधी गोष्ट वाटेल, पण पन्नाशीतली माणसं त्या लॉकरसमोर गप्प उभी राहिलेली मी पाहिलीत, एकाने तर वडिलांचा फोटो आतल्या बाजूला चिकटवला होता. माझ्या मते फी तिथेच अर्धी वसूल होते.

सकाळी थोडं ड्रिल, मग कोच लोक सगळ्यांना बॅटिंग, थ्रोइंग करताना बघतात आणि रात्री बसून ड्राफ्ट करून, म्हणजे आळीपाळीने एकेक माणूस निवडून, टीम पाडतात. त्यानंतर रोज दोन मॅच, सात-सात इनिंगच्या, टीममधल्या प्रत्येकाला बॅटिंग मिळतेच. दिवसभरातल्या वेंधळेपणाबद्दल रिटायर्ड प्लेअर लोक कांगारू कोर्ट, म्हणजे गमतीचं खोटं कोर्ट, भरवून दोन-चार डॉलर दंड लावतात, ती धमाल बघायलाच हवी.

क्रिकेट खेळून मोठे झालेल्यांसाठी थोडं जास्त लिहितो. डोळा आणि हात कामाला येतात, पण सवयी आड येतात. फटका मारून बॅट हातात घेऊन पळायचं नाही, टाकून पळायचं. पहिला बेस जोरात ओलांडून पुढे गेलात तरी चालतं, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर मात्र पाय सुटला आणि बॉल हातात असलेल्या फिल्डरने टॅग केलं (अंगाला लावलं) की आउट. आणि मनगट फिरवून लेगला मारायची सवय असेल तर बॉल सगळे ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत, जातात. आमचा कोच जुना इन्फिल्डर (बेसच्या आसपास फिल्डिंग करणारा) होता, माझी ग्रिप बघून जवळ आला आणि म्हणाला, "दारावर टकटक करताना जी पेरं वापरतोस ना, दोन्ही हातांची ती पेरं एका रेषेत आण." तेवढंच. पुढचे तीन बॉल लाकडी बॅटच्या बरोबर मध्ये लागले, हाताला झिणझिण्या नाहीत काही नाही, नुसता आवाज. फिल्डिंगला त्याचा एकच धोशा, ग्लोव्ह आधी जमिनीला लाव मग वर आण, आणि दुसरा हात कायम ग्लोव्हच्या जवळ. ज्याने आयुष्यभर हेच केलं तो माणूस मातीत गुडघे टेकून तुम्हाला दाखवतोय, हे यूट्यूबवर मिळत नाही.

आता पायांचं. क्रिकेटची एक रन म्हणजे क्रीज ते क्रीज 58 फूट, इथे बेस टू बेस 90 फूट आणि तेही उभ्या जागेवरून एकदम जोरात. डगआउटमध्ये (टीमच्या बसायच्या जागी) वीस मिनिटं बसून उठायचं आणि सुसाट पळायचं, हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) जातात त्या इथेच. दुसऱ्या दिवशीच ट्रेनर रूमबाहेर ही रांग लागलेली, कुणाची मांडी गुंडाळताहेत, कुणाच्या खांद्याला बर्फ. ट्रेनर लोक मात्र सोनं आहेत, दुखलं की लगेच जा, अंगावर काढू नका. किमान दोन महिने आधीपासून छोटे स्प्रिंट्स आणि रोज थोडं थ्रोइंग सुरू करा, जिममधलं वजन उचलणं इथं फारसं कामाला येत नाही.

शेवटी त्या रिटायर्ड प्लेअर्सविरुद्ध मॅच असते. साठी उलटलेला पिचर 60 फूट 6 इंचावरून अगदी सावकाश टाकतोय असं वाटतं आणि बॉल प्लेटजवळ, म्हणजे बॅटरसमोर, येऊन खाली पडतो, बॅट वरून जाते. तरी बॉल लागला तर तोच पिचर माउंडवरून (बॉल टाकायच्या उंचवट्यावरून) टाळ्या वाजवतो, आणि ते मनापासून असतं.

खटकलं ते पण लिहितो. जाहिरातीत ज्याचा फोटो सगळ्यात मोठा होता तो स्टार फक्त एका रात्रीच्या जेवणाला आला, सह्या केल्या आणि गेला. हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, कित्येक जण खास त्याच्यासाठी पैसे भरून आले होते आणि फार हिरमुसले. तेव्हा बुक करायच्या आधी विचारा, कोण कोण पूर्ण वेळ कोच म्हणून आहे. दुसरं म्हणजे शिकवणं कमी पडतं, मॅच सुरू झाल्या की सुट्टं कोचिंग जवळपास नाहीच, आपणच सकाळी लवकर जाऊन बॅटिंग केजमध्ये कोचला गाठायचं. विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही, उलट खूश होतात.

नुसती सही आणि सेल्फी हवी असेल तर एवढे पैसे घालू नका, स्प्रिंग ट्रेनिंगची तिकिटं काढून कुंपणाजवळ उभे राहा, काम होतं. खेळायचंय, मातीत लोळायचंय, वय कितीही असो, तर डोळे झाकून जा. आमच्या टीममध्ये सत्तरीचे एक काका सेकंड बेसला होते आणि दोन बायका होत्या, त्यातली एक आमची सगळ्यात भरवशाची कॅचर.

सामानात मेटल स्पाइक्स नकोत, मोल्डेड क्लीट्स (तळाला प्लास्टिकच्या खुंट्या असलेले बूट) घ्या आणि ते आधी वापरून मऊ करून ठेवा, ग्लोव्हचंही तेच, नवा कोरा कडक ग्लोव्ह घेऊन गेलात तर बॉल उसळून बाहेर पडतो. स्लाइड करणार असाल (घसरत बेस गाठणार असाल) तर आतून स्लाइडिंग शॉर्ट्स हव्यातच.