लेकराच्या ताटात मटण की कळण्याची भाकरी?

लग्न जमवताना खान्देशात एक प्रश्न हमखास विचारला जातो: "ते लोक खातात का?" काय खातात ते सांगावं लागत नाही. पण जे घर खातं आणि जे खात नाही, त्या दोन घरांची सोयरीक झाली की पुढचा प्रश्न कुणीच काढत नाही. तो निघतो थेट बाळाच्या उष्टावणानंतर. वडील रविवारी मटणाशिवाय न जेवणारे, आई महानुभाव किंवा वारकरी घरातली. किंवा आई-वडील दोघंही खाणारे, पण आजोबांच्या गळ्यात माळ आणि दर वर्षी मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरची वारी. मग आजी म्हणते, "आमना घरमा अंडं चालत नही," सून गप्प बसते, आणि बाळ बिस्किटावर वाढतं.

ज्यांना हे ठरवायचं आहे त्यांच्यासाठी दोन्ही बाजू समोरासमोर मांडतो. माझं मत लपवणार नाही.

आधी खाणाऱ्या घराचं ताट बघू. धुळ्यात, शिरपुरात, चाळीसगावात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग असते. घरी सुकं खोबरं, कांदा, लाल मिरची, खडा मसाला काळा होईस्तोवर भाजून वाटला जातो. रश्शावर बोटभर तवंग. आता यातलं दोन वर्षांच्या लेकराला नेमकं काय मिळतं? आई मटणाची एक फोड वाटीभर पाण्यात धुते, तिचे धागे काढते, लेकराच्या तोंडात देते. लेकरू पाच मिनिटं चघळतं, रस गिळतं आणि चोथा आईच्या हातावर थुंकतं. मग धुतलेला बटाटा आणि रश्शात कुस्करलेली भाकरी. "आज पोरानं मटण खाल्लं," असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात त्याच्या पोटात गेलं ते तेल, मीठ, तिखट आणि भाकरी. लोह आणि प्रथिनं मांसात असतात, ती त्या चोथ्याबरोबर गेली.

सोमवार ते शनिवार हेच लेकरू वरण-भात, पोळी-चहा आणि पुड्यातल्या चटपट्यांवर असतं. वर श्रावण आला, कानबाईच्या सणाचे रोट आले, नवरात्र आलं, की रविवारचं मटणही बंद. म्हणजे 'आम्ही खातो' हे घराचं वर्णन झालं, लेकराच्या आहाराचं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त लोक मांसाहारी आहेत, हे लक्षात घेतलं की या आकड्याचा अर्थ कळतो. आणखी जवळचं उदाहरण नंदुरबारचं. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या भिल्ल आणि पावरा समाजात कोंबडी, मासे, खेकडे यांना कसलाही विटाळ नाही. तरी कुपोषणाची बातमी आली की जिल्ह्याचं नाव पहिल्या ओळीत असतं. अंगणात कोंबड्या असतात, पण कोंबडी आठवडी बाजारात विकून तेल-मीठ आणायचं असतं, आणि अंडी खायची नसतात, उबवायची असतात. खायची मुभा असणं वेगळं आणि ताटात पडणं वेगळं.

आता माळकरी घराचं ताट. इथे खान्देशाला कमी लेखायचं कारण नाही. ज्वारी-बाजरीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी ही आहारशास्त्राच्या हिशेबाने पक्की चीज आहे. धान्यात लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी पडतो तो उडीद भरून काढतो, आणि डाळीत जे कमी ते धान्यातून मिळतं. डाळीचे वाफवलेले फुनके, उडदाच्या डाळीचा घुटा, मेथीची भाजी, शेंगदाणे, लोणी, ताक. मोठ्या माणसाला यात प्रथिनांची चिंता करायची गरज नाही. २५ ते ३० ग्रॅम कोरड्या उडीद डाळीत ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तेवढीच एका अंड्यात.

अडचण लेकराच्या पोटाची आहे. ८ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २४० मिलिलिटर मावतं. डाळ शिजली, घोटली, पातळ केली की वाटीभर होते. अंडं कुस्करलं तर तीन-चार चमचे. त्यात आपल्याकडे बाळाला डाळ न देता डाळीचं वरचं पाणी द्यायची पद्धत आहे. डाळीचं पाणी आणि मटणाचा रस्सा, दोन्ही घरांतली फसवणूक एकच: वास आहे, रंग आहे, ऐवज पातेल्यात राहिला.

लोहाचंही तसंच. बाजरीत १०० ग्रॅमला ६ मिलिग्रॅमच्या वर लोह आहे, कागदावर मटणापेक्षा जास्त. पण धान्य-भाजीतलं लोह शरीर फार थोडं उचलतं, मांसातलं सहज उचलतं. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: भाजीवर लिंबू पिळा, जेवणात पेरू-टोमॅटो ठेवा, कडधान्याला मोड आणा, आणि चहा बंद करा. हे शेवटचं सगळ्यात अवघड. सकाळी बशीत चहा आणि टोस्ट हा आपल्याकडे दीड वर्षाच्या पोराचाही नाश्ता असतो. चहा लोहाला अडवतो. मटण द्या नाहीतर देऊ नका, चहा दोन्ही घरांनी थांबवावा.

खरी कसोटी लागते ती ब१२ या जीवनसत्त्वावर. ते डाळीत नाही, भाजीत नाही, कळण्यात नाही, शेंगदाण्यात नाही. मांस, मासे, अंडी आणि दूध-दही, बस. शाकाहारी घराची सगळी मदार म्हणून दुधावर. वर्षाच्या पुढच्या लेकराला दिवसाला ४०० मिलिलिटरच्या आसपास दूध-दही मिळालं तर भागतं. पण याला वरची मर्यादाही आहे. "भाकर खात नाही, पण दूध लिटरभर पितो," असं कौतुकाने सांगणाऱ्या घरातलं पोर बऱ्याचदा पांढरंफटक असतं. ५०० मिलिलिटरच्या वर दूध गेलं की भूक मरते आणि लोहही कमी पडतं. वर्षाच्या आतल्या बाळाला वरचं दूध मुख्य आहार म्हणून देऊच नये.

आणि इथे एक गोष्ट कुणी बोलत नाही: वर्षाच्या आतल्या बाळाचा ब१२ आईच्या दुधातून येतो, म्हणजे आईच्या ताटातून. सून शाकाहारी, घरातलं दूध डेअरीला जातं, उरलेलं सासऱ्यांच्या चहाला आणि पोरांना; तिच्या वाट्याला ताकही नाही. अशा आईचं अंगावर पिणारं बाळ सहा-आठ महिन्यांचं झालं की सुस्त पडतं, हसत नाही, बसायला शिकलेलं विसरतं, बोटांची पेरं काळवंडतात. काही बाळांचे हातपाय थरथरायला लागतात. बालरोगतज्ज्ञांना हे चित्र चांगलं ओळखीचं आहे. वेळेत ब१२ दिलं तर बाळ झपाट्याने सुधारतं, उशीर झाला तर वाढीत खोट राहू शकते. म्हणून शाकाहारी घराला माझा पहिला सल्ला बाळासाठी नाहीच, गरोदर सुनेसाठी आहे. तिची ब१२ ची तपासणी करा, कमी असेल तर डॉक्टरांकडून गोळी सुरू करा आणि रोज तिच्या हातात दुधाचा पेला द्या.

दूधही सोडून पूर्ण वनस्पतींवर लेकरू वाढवायचं खूळ अजून आपल्याकडे फारसं आलेलं नाही. आलं, तर ब१२ च्या औषधाशिवाय त्याचा विचारही करू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांच्या पूरक आहाराबद्दल जे सांगितलं, त्यात मांस, मासे किंवा अंडी रोज द्यावीत असं आहे. रोज. आठवड्यातून एकदा काळ्या मसाल्यात नव्हे. आपल्याला रोज मटण परवडत नाही, किलोचा भाव सातशेच्या पुढे आहे. म्हणून या सगळ्या वादात माझा कौल अंड्याला आहे. सात-आठ रुपयांत येतं, मऊ असतं, धुवावं लागत नाही, चोथा उरत नाही. घरच्या देव-धर्मात बसत असेल तर सात-आठ महिन्यांपासून पूर्ण उकडलेलं अंडं सुरू करा, आधी थोडंसं देऊन अंगावर पुरळ-सूज येते का बघा, मग रोज एक. नवापूरमध्ये फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. तेव्हापासून आपल्याकडे अंड्या-कोंबडीची धास्ती थोडी जास्तच आहे. पण नीट शिजवलेल्या अंड्यात तो विषाणू टिकत नाही. अर्धकच्चं मात्र लेकराला देऊ नये.

सरकारचं धोरण या बाबतीत हेलकावे खातं. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं, न खाणाऱ्यांना केळी, असं ठरलं. शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा पैसा काढून घेतला. या अंड्याऐवजी केळीबद्दल मला बोलायचं आहे, जळगावात राहून बोलणं जोखमीचं असलं तरी. आमच्या रावेर-यावलच्या केळीचा मला अभिमान आहे. पण एका केळ्यात जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं, लोह नावाला आणि ब१२ शून्य. ताकद येते, पोट भरतं, अंड्याची जागा ते घेत नाही. शाकाहारी मुलाला अंड्याच्या बदल्यात काही द्यायचंच, तर दूध, दही, पनीर आणि मूठभर फुटाण्यांचं पीठ द्या. अख्खे फुटाणे-शेंगदाणे चार वर्षांच्या आतल्या लेकराला देऊ नका, घशात अडकतात.

मटण द्यायचंच असेल तर पद्धत बदला. मसाला पडायच्या आधी हळद-मिठात शिजलेल्या चार फोडी बाजूला काढा आणि बारीक कुटून भातात कालवा, म्हणजे चोथा थुंकायची वेळ येत नाही. कलेजी सगळ्यात गुणाची: लोहही भरपूर, ब१२ ही भरपूर. पूर्वी बोकड पडला की पोरांसाठी कलेजी निखाऱ्यावर भाजली जायची, ती रीत चांगली होती. मात्र तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं, म्हणून आठवड्यातून एकदा, लहानसा तुकडा. उकाई जलाशयाच्या काठावरच्या गावांना ताजे मासे मिळतात. इतरांना बाजारातली सुकट आहे, पण तिचं मीठ दोन पाण्यांत धुऊन काढावं लागतं.

आता घर. मिश्र घरांत आपल्याकडे जुनी व्यवस्था आहे: मटणाचं पातेलं वेगळं, चूल अंगणात, रांधणारे पुरुष. आईने शिवलंही नाही तरी चालतं. ही व्यवस्था अंड्याला मात्र लागू होत नाही, कारण अंडं रोजचं आहे आणि रोज अंगणात चूल कोण पेटवणार? एक लहान गंज, म्हणजे पातेलं, आणि छोटी शेगडी मागच्या ओट्यावर ठेवली की बहुतेक घरांत आजींची हरकत मावळते. नाही मावळली तर लेकराला मागच्या दाराने चोरून अंडं देऊ नका. पोर बोलायला लागलं की सगळ्यांसमोर सांगतंच, आणि मग भांडण अंड्याचं न राहता सुनेचं होतं. त्यापेक्षा दूध-दही-घुटा यांचा हिशेब काटेकोर ठेवा, आशाताईंकडून मिळणारं लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा न चुकता द्या आणि वर्षातून एकदा रक्त तपासा. शाकाहारी लेकरू यावर उत्तम वाढतं. फक्त हिशेब चुकला तर सावरून घ्यायला वाव कमी.

"मोठा झाल्यावर तो ठरवेल," असं पुष्कळ आई-बाप म्हणतात. हे दोन्हीकडून सारखं नाही. खाणाऱ्या घरातली मुलं विशीत माळ घालतात आणि निभावतात. जन्मभर न खाल्लेल्याला मात्र विसाव्या वर्षी मटणाचा वासही सहन होत नाही. पण हे काही खायला लावायचं कारण होत नाही. ज्यांना जीव मारणं पटत नाही, त्यांनी लेकराला त्याच विचाराने वाढवावं, तो त्यांचा हक्क आहे. उलट बाजूने, नवसाचा बोकड कापताना बघून पाच वर्षांच्या मुलीने ताट सरकवलं, तर तिला हसू नका आणि बळजबरीही करू नका. त्या दिवसापासून तिच्या दुधाकडे लक्ष द्यायला लागा.

बारावीनंतर यातली बरीच मुलं पुण्या-नाशिकला जातात. खाणारा मुलगा हातगाडीवर दोन अंड्यांची भुर्जी तरी खातो. शाकाहारी मुलाच्या मेसमध्ये पातळ वरण, बटाट्याची भाजी आणि भात असतो, दूध-दही नसतंच. त्याची मेस लावताना आधी हे विचारून घ्या, आणि नसेल तर दह्याचा वेगळा रतीब लावून द्या.