चार तुकड्यांचा साचा आणि टूलिंग जेलकोट: आठ महिन्यांनंतर

बसचा फ्रंट शो, म्हणजे समोरचा दर्शनी भाग, काढायचा आमचा फायबरचा साचा चार तुकड्यांचा आहे: मधला, दोन बाजूंचे आणि खालचा बंपरचा. मार्चमध्ये त्याची पार रया गेली होती. जॉब (साच्यातून निघणारा भाग) अडकला की पोरं फ्लँजमध्ये, म्हणजे तुकडे बोल्टने जोडायच्या कडेच्या पट्टीत, पटाशी घालून हातोडी मारायची, त्यामुळे जोडावरच्या कडांचे टवके उडाले होते. त्यात कुणीतरी गाडीची पुट्टी भरलेली. पुट्टीला बारीक छिद्रं असतात, तिच्यावर जॉब सुटावा म्हणून लावलेलं वॅक्स टिकत नाही; जॉबचं रेझिन (फायबर घट्ट करणारं चिकट द्रव्य) तिला धरतं आणि ती जॉबबरोबरच निघून येते.

म्हणून व्हिनिल एस्टर रेझिनचा टूलिंग जेलकोट, म्हणजे साच्याच्या पृष्ठभागाला द्यायचा कडक लेप, आणला. साध्या जेलकोटपेक्षा महाग आहे, पण पैसे वसूल झाले.

मोकळ्या तुकड्यावर टवका भरून घासला की कड गोल होते. मग जोडात खाच पडते आणि प्रत्येक जॉबवर एक उभी रेघ उठते, जी पेंटरला घासत बसावी लागते. त्यामुळे आधी वॅक्स पूर्ण उतरवतो, तडा संपेपर्यंत ग्राइंडरने खरवडतो आणि ८० नंबरचा पेपर मारतो. समोरच्या तुकड्याला, फ्लँजसकट, वॅक्स आणि पीव्हीए (चिकटू नये म्हणून लावायचं पातळ द्रव) लावून दोन्ही तुकडे बोल्टने आवळतो. आता समोरचा तुकडाच भिंतीचं काम करतो. जेलकोट किंचित उंच भरून वर पॉलिएस्टर फिल्म दाबतो, कारण हवा लागली की वरचा थर चिकट राहतो.

दुसऱ्या दिवशी बोल्ट न सोडताच लाकडी ठोकळ्यावर वॉटर पेपर गुंडाळून घासायचं. ४०० पासून २००० पर्यंत, प्रत्येक नंबर आधीच्याला आडवा. ६०० झाला की पाणी पुसून बॅटरीचा उजेड तिरका मारतो. ४०० चा एक जरी ओरखडा दिसला तरी मागे जातो. २००० ने तो जात नाही, उलट जास्त उठून दिसतो. शेवटी जोडावरून नख फिरवायचं. नख अडलं नाही तरच बोल्ट सोडायचे आणि मग पॉलिशचं कंपाउंड, बफ. नव्या पॅचला वॅक्सचे सहा हात, आणि पहिल्या तीन जॉबना वरून पीव्हीए.

तक्रारी आहेत. जुलैच्या दमट हवेत पॅच दोन दोन दिवस कच्चा राहायचा. हॅलोजन दिवा लांबून लावल्यावर जमलं. एकदा घाईत हार्डनर (जेलकोट कडक करणारं रसायन) वाढवला, तर पॅच आकसून कडेला केसाएवढी फट पडली आणि सगळं उकरून पुन्हा भरावं लागलं. तेव्हापासून २ टक्के म्हणजे २ टक्केच, काट्यावर मोजून. दुसरा डबा पुरवठादाराने मुदत संपत आलेला गळ्यात मारला. मेच्या उकाड्यात तीन आठवड्यांत तो आत दह्यासारखा थिजला. डबा घेताना तारीख बघाच, आणि लागेल तेवढाच घ्या.

पटाशी आता साच्याजवळ येऊ देत नाही, सागवानी पाचरी करून घेतल्या आहेत. मार्चमधल्या सात पॅचपैकी सहा अजून जसेच्या तसे आहेत. सातवा, बंपरच्या कोपऱ्यातला, सप्टेंबरमध्ये ताऱ्यासारखा तडकला, कारण तिथे मागून ठोका बसला आणि साचा मुळातच पातळ आहे. यात जेलकोटचा दोष नाही. आधी मागून फायबरच्या मॅटचे दोन थर द्यायला हवे होते. ते या रविवारी देऊन तो पॅच पुन्हा भरणार आहे.