डेथ नोट की डेक्स्टर? मुलासोबत बघायचं असेल तर

घोडबंदर रोडला राहणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "अकरावीतल्या मुलासोबत बसून बघायचं आहे, यातलं कुठलं लावू?" दोन्हींत नायक स्वतःच न्यायाधीश होऊन गुन्हेगारांना मारतो. अशा गोष्टींत माझी कसोटी एकच: निरपराध माणूस मेला की गोष्ट त्याच्याजवळ थांबते का? (पुढे काही प्रसंग फुटणार आहेत.)

डेथ नोट ही ३७ भागांची जपानी ॲनिमे मालिका. लाइट यागामी या हुशार विद्यार्थ्याला एक वही मिळते. चेहरा आठवून नाव लिहिलं की तो माणूस मरतो. दुसऱ्याच भागात टीव्हीवरचा एकजण त्याला दुष्ट म्हणतो, आणि लाइट चिडून त्याचंही नाव लिहून टाकतो. गुन्हेगारांसाठी म्हणून उघडलेली वही एका अपमानासाठी वापरून झाली!

नाओमी मिसोराचा प्रसंग तर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिचा होणारा नवरा एफबीआयमध्ये, त्याला लाइटनेच मारलेलं. ती माहिती घेऊन पोलिसांकडे निघालेली असते. आधी खोटं नाव सांगते, म्हणून वाचते. लाइट गोड बोलून तिचं लायसन्स बघतो, खरं नाव लिहितो आणि ती वळून निमूट चालू लागते. तिने गुन्हा केला नव्हता, फक्त त्याला ओळखण्याच्या जवळ आली होती.

डेक्स्टर ही अमेरिकी मालिका, २००६ ते २०१३, ८ सीझन, ९६ भाग. नायक मायामी पोलिसांत रक्ताच्या डागांचा तज्ज्ञ. वडिलांनी घालून दिलेला नियम असा की खुन्यांनाच मारायचं. चौथ्या सीझनमध्ये तो एका फोटोग्राफरला मारतो आणि मग कळतं, खुनी दुसराच होता. इथे मालिकेने थांबायला हवं होतं, पण ती घाईने पुढे सरकते. त्याआधी डेक्स्टरवर संशय घेणाऱ्या सहकारी सार्जंट डोक्सचा जीव जातो आणि डेक्स्टरचे सगळे खून त्याच्याच माथी मारले जातात. बहीण डेब्राचं मात्र नीट दाखवलंय. भावाला वाचवताना तिच्या हातून जे घडतं, ते तिला आतून पोखरतं. पण तिथवर पोचायला सात सीझन लागतात, आणि रक्तपात, शरीरसंबंध इतके उघड आहेत की सोळा वर्षांच्या मुलाशेजारी बसून बघवणार नाही.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आपल्याकडचं बघा. सप्टेंबर २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, खटल्याचा निकाल लागायच्या आधीच. मैत्रिणीचा मुलगा तेव्हा मला म्हणाला होता, "बरं झालं काकू, उगाच वर्षानुवर्षं केस चालली असती." त्याचा राग मला कळत होता. पण १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावालाही असंच ठाम वाटलं होतं. मुलं पळवणारे समजून भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना त्यांनी ठेचून मारलं.

म्हणून तिला सांगितलं, डेथ नोट लाव. नाओमीचा भाग झाला की लगेच पुढचा सुरू करू नका. डेक्स्टर तू एकटी बघ, चौथ्या सीझनपर्यंत.