कमरेला दोरी बांधून भुरीसोबत पळताना : दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये कमरेला बांधायचा पट्टा, ताणली जाणारी दोरी आणि कुत्र्याच्या छाती-खांद्यांभोवती बांधायचा हार्नेस असा संच ऑनलाइन मागवला. 2,300 रुपये पडले. भुरी आमची गावठी कुत्री, साडेतीन वर्षांची, वजन 17 किलो. आठवड्यातून चार दिवस आम्ही दोघी नागपुरात सेमिनरी हिल्सकडून फुटाळा तलावापर्यंत जाऊन येतो, थोडं पळत, थोडं चालत. आता जून लागलाय. पाऊस, थंडी आणि नागपूरचा मे महिना, तिन्ही या पट्ट्याने पाहिले, म्हणून आज लिहायला बसले.

हातात दोरी धरून पळायचे तेव्हा खार दिसली की भुरी झेप घ्यायची आणि माझा खांदा दिवसभर ठणकायचा. आता तो झटका दोरीतच जिरतो, दोन्ही हात मोकळे राहतात, चाल सरळ पडते. एवढंच की पट्टा पोटावर बांधायचा नाही, खाली कुल्ह्यांवर बसवायचा. सुरुवातीचे दोन आठवडे मी वर बांधत होते आणि पाठ धरली होती.

संचातला हार्नेस मात्र मी महिन्याभरात बाजूला टाकला. त्याचा पट्टा छातीवरून आडवा जायचा, नेमका खांद्याच्या सांध्यावर. भुरी पुढचा पाय पूर्ण टाकतच नव्हती, तुकड्या-तुकड्यात पळायची. मला आधी वाटलं पायात काटा गेलाय. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढला तेव्हा कळलं. मग इंग्रजी वायच्या आकाराचा घेतला, ज्यात खांदे मोकळे राहतात आणि भार छातीच्या हाडावर येतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. आणि ही दोरी गळ्यातल्या पट्ट्याला कधीच अडकवू नका, पळताना सगळी ओढ श्वासनळीवर येते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितेय ती. दोरी हातात असली की कुत्रं मंदावलेलं बोटांना लगेच कळतं. ही दोरी ताणली जाते, त्यामुळे ते कळणं हरवतं. फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी निघायला साडेआठ वाजले. हवा बरी वाटत होती. मी माझ्या लयीत पळत राहिले. भुरी एरवी दोन पावलं पुढे असते, त्या दिवशी ती हळूहळू माझ्या शेजारी आली, मग मागे पडली, आणि मी तिला ओढत नेतेय हे मला उमगलंच नाही. वळून पाहिलं तर जीभ रुंद होऊन बाहेर लोंबत होती, टोकाशी पसरलेली, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक. झाडाखाली बसवलं, पोटावर, काखेत आणि पंजांवर बाटलीतलं साधं पाणी ओतलं, ओढणीने वारा घातला. दहा मिनिटांनी तिने स्वतःहून चार घोट पाणी प्यायलं. तिथूनच रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ताप मोजला आणि म्हणाले, वेळेत थांबलात. कुत्र्याचं शरीर निरोगी असतानाच 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. 41 च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. त्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग निवतं, आणि मालकीण पळतेय म्हटल्यावर ती बिचारी थांबतही नाहीत.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. भुरी माझ्या कमरेच्या रेषेमागे गेली की त्या दिवसाचं पळणं संपलं. तिथून चालत घरी. दर पाच मिनिटांनी मान वळवून बघते, सवय झालीय.

मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेल्यावर पळणं पूर्ण बंद ठेवलं. पहाटे पावणेपाचला अर्धा तास फक्त चालणं. संध्याकाळी सातलाही डांबर तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवलं नाही तर तिच्या पंजाच्या गाद्यांनाही सोसवणार नाही. पाणी दोघींचं मीच बाळगते, पट्ट्याच्या खिशात अर्ध्या लिटरची बाटली बसते. पळण्याआधी दोन तास तिला खायला देत नाही.

फुटाळ्याला रोज भेटणारे एक काका म्हणतात, "अहो ताई, सोडा ना जी तिले, पळू द्या मोकळी." त्यांची माया कळते, पण नाही सोडत. डिसेंबरात तीन मोकाट कुत्री अंगावर आली तेव्हा मी मध्ये उभी राहिले, भुरीला मागे घेतलं आणि पळाले नाही. पळालं की ती हमखास पाठलाग करतात. त्या वेळी पट्ट्याचं झटक्यात सुटणारं बकल डाव्या हाताशी आहे हे माहीत असणं फार धीर देऊन गेलं. घरी चार वेळा सुटण्याचा सराव करा. रेबीजची लस तिची आणि तुमचीही डॉक्टरांना विचारून घ्या.

पावसाळ्यात दोरी वाळायला दोन दिवस लागतात, आणि ओल्या हार्नेसने काखेत सोलवटतं. घरी आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या तपासते, गोचीड तिथेच लपतात. साचलेल्या पाण्यात तोंड घालू देत नाही.

दीड वर्षाच्या आतलं पिल्लू, पग किंवा चपट्या तोंडाचं कुत्रं, म्हातारं, लठ्ठ किंवा लंगडणारं कुत्रं यांच्यासाठी हा पट्टा घेऊ नका. त्यांना चालवा. बाकी तीन-चार वर्षांच्या धडधाकट कुत्र्याला आणि रोज पळणाऱ्या माणसाला मी तो मनापासून सुचवते.

एक तक्रार राहिलीच. दोरीच्या टोकाचा हुक मार्चमध्ये आपोआप उघडायला लागला, स्प्रिंग ढिली झाली होती. विक्रेत्याने उत्तर दिलं नाही. मी सीताबर्डीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून स्क्रूने बंद होणारा कुलूपवाला हुक 90 रुपयांना घेतला आणि तोच वापरतेय.