इटलीत जेवणाचं बिल फुगतं ते ‘एत्तो’ या शब्दापाशी

मेन्यूवर मासा दिसतो, समोर आकडा 7. सात युरोत अख्खा मासा म्हणजे स्वस्तच, असं वाटून माणूस ऑर्डर देतो. आकड्याशेजारी बारीक अक्षरांत ‘एत्तो’ लिहिलेलं असतं, तिकडे लक्ष जात नाही. एत्तो म्हणजे 100 ग्रॅम. मासा 900 ग्रॅमचा निघाला की त्या एका ओळीचे 63 युरो होतात. वजन कच्च्या, अख्ख्या माशाचं धरतात, डोकं-काटे सगळं त्यात आलं. दोघांत एक म्हणून मागवलेला मासा वेटरने दीड किलोचा निवडला, तर 105 युरो.

एत्तोवर भाव लावणं बेकायदा नाही. चांगल्या त्रात्तोरियातही, म्हणजे घरगुती खानावळीतही, मासा असाच विकतात. फरक एवढाच, की तिथे मासा आधी टेबलाशी आणून दाखवतात आणि वजन सांगतात. फसवणूक होते ती न दाखवता, न तोलता थेट शिजवून आणतात तेव्हा. आपल्या मालवणी खानावळीत मेन्यूवर ‘साईझप्रमाणे’ लिहिलेलं असलं की आपण मासा बघून भाव ठरवतो. इटलीतही अगदी तसंच करावं. ‘क्वान्तो पेझा?’ म्हणजे वजन किती, आणि ‘क्वान्तो विएने?’ म्हणजे किती होतील. उत्तर कागदावर लिहून घ्या, मगच होकार द्या. लॉबस्टर, मोठी कोळंबी, फ्लोरेन्सचं किलोवर विकलं जाणारं स्टेक, या सगळ्यांना हेच लागू. टेबलाशी येऊन पास्त्यावर ट्रफल, म्हणजे महागडी रानटी बुरशी, किसायला लागले, तर त्याचेही पैसे वेगळे असतात.

दुसरा सापळा तोंडी ऑर्डरचा. वेटर मेन्यू बाजूला ठेवून म्हणतो, ‘आज ताजं आलंय, मी तुमच्यासाठी छान काहीतरी आणतो.’ भाव कुठेच लिहिलेला नसतो, त्यामुळे नंतर वाद घालायला हातात काही उरत नाही. 2019 मध्ये रोममध्ये दोन जपानी पर्यटक महिलांना माशाचं स्पगेटी आणि पाणी यांचं बिल जवळपास 430 युरो आलं, त्यातले 80 युरो सेवेचे. त्याआधी व्हेनिसमध्ये चार जपानी विद्यार्थ्यांकडून स्टेक, तळलेले मासे आणि पाणी यांचे 1,100 युरोंहून जास्त घेतले गेले. त्यांनी बोलोन्याला परतल्यावर पोलिसांत तक्रार केली आणि 2018 च्या सुरुवातीला ते प्रकरण जगभर गाजलं. तक्रार करता आली, कारण बिल जपून ठेवलं होतं.

आता जी फसवणूक नाही, तिच्याबद्दल. ‘कोपेर्तो’ म्हणजे टेबलावर बसण्याचे माणशी पैसे, साधारण दीड ते तीन युरो. ते मेन्यूत लिहिलेले असतील तर द्यावेच लागतात. त्यावरून भांडून चांगल्या खानावळीला ऑनलाइन रिव्ह्यूत एक तारा देणं हा त्या लोकांवर अन्याय आहे. रोम ज्या प्रांतात येतं त्या लात्सियोत 2006 च्या प्रादेशिक कायद्याने कोपेर्तोला मनाई आहे, म्हणून तिथे बिलात ‘पाने’, म्हणजे ब्रेड, अशी ओळ येते. ब्रेड नको असेल तर बसताक्षणी ‘सेन्झा पाने’ म्हणा. टोपलीला हात लावल्यावर नाही. ‘सेर्वित्सियो’ ही ओळ मात्र वेगळी, ते सेवाशुल्क. ते बिलात आधीच धरलं असेल तर वर टीप देण्याची गरज नाही. कोणी टीपचा आकडा स्वतःच लिहून आणला, तर तो खोडायला सांगा. कॅफेतही उभ्याने काउंटरवर घेतलेली कॉफी आणि टेबलावर बसून घेतलेली कॉफी यांचे दर वेगळे असतात. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात तर वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचे जादा पैसे लावतात, पण तेही दरपत्रकात असतं.

दरपत्रक लावणं कायद्याने बंधनकारक आहे. आत शिरण्यापूर्वी त्याचा फोटो काढा, विशेषतः तळाच्या बारीक ओळींचा. बिल आल्यावर एकेक ओळ त्या फोटोशी ताडून पाहा. हाताने लिहिलेली चिठ्ठी किंवा ‘नॉन फिस्काले’ छापलेला कागद ही अधिकृत पावती नव्हे. ‘स्कोंत्रीनो’, म्हणजे अधिकृत पावती, मागा. पावती द्यायला टाळाटाळ झाली तर 117 वर ग्वार्दिया दि फिनान्झाला, म्हणजे करचोरी पकडणाऱ्या पोलिसांना फोन करता येतो. धमकी किंवा अडवणूक झाली तर 112. बऱ्याचदा 117 चा नुसता उल्लेख केला तरी बिल दुरुस्त होतं.

‘मशीन बंद आहे, रोख द्या’ हेही ऐकू येतं. इटलीत कार्ड घेणं बंधनकारक आहे. 2022 च्या जूनअखेरपासून नकार देणाऱ्याला 30 युरो अधिक व्यवहाराच्या 4 टक्के दंड आहे. कार्डाने द्या, पण मशीनवर युरो की रुपये असं विचारलं तर युरोच निवडा. रुपये निवडले की दर मशीनवाल्याचा लागतो आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो. बटण दुसऱ्याला दाबू देऊ नका. रक्कम चुकीची कापली गेली असेल तर मेन्यूचा फोटो आणि पावती जोडून आपल्या बँकेकडे लगेच वाद नोंदवा. भारतात परतेपर्यंत थांबू नका.