ब्लूबेरीची झुडपं, २८ महिन्यांनंतर: थंडीचं काही नाही हो, नळाच्या पाण्याचं बोला

"मिनेसोटात ब्लूबेरी जगते का गं, एवढी थंडी असते तुमच्याकडे?" हा प्रश्न मला आत्तापर्यंत दहाजणींनी तरी विचारला असेल आणि दर वेळी माझं डोकं फिरतं, कारण थंडीला ही झुडपं भीकसुद्धा घालत नाहीत. उलट थंडी नीट मिळाली नाही तर फुलं धड येत नाहीत. माझा जीव खाल्ला तो बाहेरच्या नळानं. हा रिव्ह्यू खरं तर त्या नळाचाच आहे, ब्लूबेरी निमित्त.

मे २०२२ ला तीन रोपं आणली, दोन पॅट्रियट आणि एक नॉर्थब्लू. पॅट्रियट ही मोठी, हायबुश जात, १९७६ ची. नॉर्थब्लू इथल्याच मिनेसोटा विद्यापीठानं १९८३ मध्ये काढलेली, ठेंगण्या रानटी जातीशी संकर करून, त्यामुळे जेमतेम अडीच-तीन फूट होते. ऊन किती, अंतर किती, दोन वेगळ्या जाती जवळ असाव्यात वगैरे सगळ्यांना माहीत असतं, ते परत लिहीत नाही. खड्डे केले, पीट मॉस (कुजलेलं, आम्लधर्मी शेवाळ) घातलं, वर पाइनच्या सालीचा थर दिला, पहिल्या वर्षीची फुलं मन घट्ट करून खुडली. ब्लूबेरीला आम्ल माती लागते म्हणून ऑक्टोबरमध्ये गंधक टाकलं आणि वाटलं झालं काम.

गंधकाबद्दल इथेच सांगते म्हणजे माझ्यासारखा मूर्खपणा कोणी करणार नाही. गंधक स्वतः काही करत नाही, मातीतले जिवाणू ते खाऊन त्याचं आम्ल करतात आणि ते जिवाणू उबदार ओल्या मातीतच काम करतात. ऑक्टोबरच्या शेवटी इथे जमीन गारठलेली असते. म्हणजे मी जेवण वाढलं आणि पंगत झोपलेली. लावायच्या आदल्या वर्षीच उन्हाळ्यात मातीत कालवून ठेवायला हवं होतं.

मग आला २०२२-२३ चा हिवाळा, ज्यांनी इथे काढलाय त्यांना आठवत असेल, ९० इंच बर्फ. सशांसाठी मी दोन फुटी जाळी लावली होती. बर्फ जाळीच्या काठापर्यंत चढला आणि ससे चक्क त्यावरून चालत आत आले, जिना केल्यासारखा. फेब्रुवारीत बघते तर एका पॅट्रियटच्या सगळ्या काड्या बर्फाच्या पातळीला छाटलेल्या, आणि छाट अशी तिरकी, स्वच्छ की मी आधी नवऱ्यालाच विचारलं की तू कात्री चालवलीस का. ससे असंच तोडतात म्हणे, सुरीनं कापल्यासारखं. बर्फाखालचं सगळं शाबूत, वरचं सगळं गायब. नॉर्थब्लू बुटकी म्हणून पूर्ण गाडलेली, तिला ओरखडा नाही.

एप्रिलमध्ये एक काडी तोडून, पावती घेऊन गार्डन सेंटरला गेले, एक वर्षाची गॅरंटी होती आणि वर्ष व्हायला महिना बाकी होता. काउंटरवरच्या पोरानं काडी हातात घेतली, नखानं साल खरवडली, खालून हिरवं निघालं. म्हणाला झाड जिवंत आहे, गॅरंटी मेलेल्या झाडाला. मी म्हटलं अरे झाड कुठंय, आठ इंचाचा खुंट आहे. तर म्हणे प्राण्यांनी खाल्लेलं तसंही बसत नाही. वीस मिनिटं वाद घातला, मागे लाइन लागली, मॅनेजर आला, शेवटी १० टक्क्यांचं कुपन हातावर टेकवलं. ते मी वापरलं नाही. (खोटं कशाला बोलू, वापरलं, चार फुटी जाळीवर.)

मे २०२३ ला आई आली सहा महिन्यांसाठी. झाडांना छोट्या घंटांसारखी पांढरी फुलं लागलेली आणि मी ती दुसऱ्या वर्षीही खुडायला बसले, मुळं भक्कम व्हावीत म्हणून. आई माझ्याकडे असं बघायला लागली जसं काही मी पाप करतेय. "मोहोर कोणी खुडतं का गं?" शेवटी तिच्या समाधानासाठी नॉर्थब्लूची एक फांदी सोडली.

तो उन्हाळा कोरडा गेला. जूनपासून पावसाचं नाव नाही, म्हणून मी रोज संध्याकाळी इमानेइतबारे पाणी घालत होते. ब्लूबेरीची मुळं वरवर, केसासारखी, त्यांना दोन दिवसही कोरडं चालत नाही. आणि जितकं पाणी घालावं तितकी पानं पिवळी. पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या, कोणी पेननं रेघा मारल्यासारख्या. मी समजले पाणी कमी पडतंय. अजून घातलं. अजून पिवळी.

निदान कोणी केलं सांगू? माळशिरसच्या मामानं. आईनं पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला, दहा मिनिटांत मामाचा व्हॉइस मेसेज: "केवडा पडलाय हा. चुनखडीच्या रानात ऊस असाच पडतो. हिराकस घाला शेणखतात मुरवून." ज्या माणसानं ब्लूबेरी आयुष्यात पाहिली नाही त्यानं एका पानावरून सांगितलं की लोह मिळत नाहीये. (हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार.) पण आम्ही तर पीट मॉस घातलं होतं, चुनखड आली कुठून?

तेही आईनंच दाखवलं. माझी काळी प्लॅस्टिकची बादली नळाखाली असते, तिच्या आतून पांढरा थर जमला होता, नखानं खरवडला की भुकटी. आई म्हणाली, "हे बोअरचं पाणी आहे. यात तूरडाळ शिजायची नाही." आणि बरोबर होतं तिचं, आमच्या गावाचं पाणी जमिनीखालच्या चुनखडीतून-वालुकाश्मातून उपसतात. घरात पाण्यातला चुना काढणारा सॉफ्टनर आहे म्हणून किटली स्वच्छ दिसते, बाहेरचा नळ सॉफ्टनरला वळसा घालून जातो. म्हणजे मी रोज संध्याकाळी तीन झाडांना पातळ केलेला चुना पाजत होते, स्वतःच्या हातानं, प्रेमानं.

मातीचा पीएच, म्हणजे आम्लता (आकडा जितका कमी तितकी माती आम्ल), मोजायचं एक १२ डॉलरचं तीन काट्यांचं मीटर होतं माझ्याकडे, ते कायम साडेसहा दाखवायचं. एकदा रागानं लिंबाच्या रसात बुडवलं, तिथेही साडेसहा. कचऱ्यात गेलं. विद्यापीठाच्या लॅबला माती पाठवली, २० डॉलर गेले पण हा सगळ्यात शहाणपणाचा खर्च. बागेची माती ७.३ आणि पीट घातलेल्या खड्ड्यातली ६.६. हवं ४.५ ते ५. आणि पीएचमध्ये एक आकडा म्हणजे दहा पट, त्यामुळे "दीड-दोनचाच तर फरक" असं म्हणायची सोय नाही.

मामाचा मान ठेवून हिराकस पाण्यात कालवून पानांवर फवारलं. पंधरा दिवस हिरवीगार, मग नवीन पालवी परत पिवळी. लोह मातीत होतंच हो, चुन्यानं बांधून ठेवलेलं. आईला त्या वर्षी त्या एका फांदीच्या मोजून ११ बेऱ्या मिळाल्या. खाऊन म्हणाली, "बरी आहे, पण करवंदाची सर नाही." करवंदाला लॅबमध्ये माती पाठवावी लागत नाही हे मी मनात म्हटलं.

चीड मला त्या लेबलची येते. रोपावरच्या टॅगवर उणे किती डिग्री सोसते ते ठसठशीत, आणि आम्ल मातीचं भिंगातून वाचावं इतकं बारीक. अहो, आम्ल मातीचं कोडं अमेरिकन कृषी खात्याच्या फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१० मध्ये छापून मोकळं केलंय, मग न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट या बागायतदार बाईंबरोबर जंगली झुडपं निवडून निवडून १९१६ मध्ये लावलेल्या ब्लूबेरीचा पहिला माल बाजारात आणला. शंभर वर्षं झाली, टॅगवर अजून जागा नाही.

इथपर्यंत लिहिताना मी पॅट्रियटला दोन स्टार देणार होते. तो शब्द मागे घेते, कारण २०२४ चा मे-जून. पाऊस, पाऊस आणि पाऊस, दक्षिणेकडे तर पूर आले. मी सहा आठवडे नळाला हात लावला नाही आणि काहीही न करता पानं हिरवी झाली. अर्थात २०२२ च्या ऑक्टोबरात झोपलेली पंगतही एव्हाना उठून जेवली असणार, सगळं श्रेय पावसाला देणं बरोबर नाही. पण मला सोळा आणे पटलं. २५ डॉलरला जुना ५५ गॅलनचा निळा पिंप आणला, लोणच्याचा होता, अजून उन्हात वास येतो, आणि पन्हाळीखाली ठेवला. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला की ६०० गॅलनच्या वर पाणी येतं, म्हणजे माझा पिंप पहिल्याच सरीत भरतो आणि उरलेलं वाहून जाताना बघून मला अक्षरशः पोटात कालवतं. दुसऱ्या पिंपाची मागणी घरात नामंजूर झालीये.

जुलैत पीक निघालं, १ किलो ३०० ग्रॅम, निम्म्याहून जास्त नॉर्थब्लूचं. एक सांगते, बेरी निळी झाली की तोडू नका. देठाजवळ गुलाबी कडं असतं तोवर आंबट, तोडल्यावर गोड होत नाही. निळी झाल्यावर अजून चार-पाच दिवस थांबा, खाली हात धरून अंगठ्यानं नुसतं घोळवलं की पिकलेली आपोआप ओंजळीत पडते, कच्ची धरून बसते. त्या चार-पाच दिवसांत रॉबिन पक्षीही थांबत नाहीत, जाळी हवीच. खुंट झालेल्या पॅट्रियटनं बुडातून सात नवीन काड्या काढल्यात, कमरेएवढ्या. काउंटरवरच्या पोराचं म्हणणं बरोबर होतं, एवढं मी इथे मान्य करते, दुकानात जाऊन करणार नाही.

नवऱ्यानं एक्सेलशीट केली. रोपं, पीट, गंधक, दोन्ही जाळ्या, लॅब, पिंप, ते फेकलेलं मीटरसुद्धा, सगळे मिळून २२५ डॉलर. किलोला १७३ पडले. मोठ्या डब्यातल्या ब्लूबेरीचा भाव त्यानं शेजारच्या कॉलममध्ये लिहिलाय, तो मी इथे देत नाही.

ऑक्टोबरमधली भर: तिन्ही झुडपं लालभडक झालीत, शेजारीण थांबून विचारून गेली कसलं झाड म्हणून. या पानांसाठीच कोणी लावली तरी चालेल. मधल्या बिनबर्फाच्या हिवाळ्यात ससे काही करू शकले नाहीत, तरी चार फुटी जाळी बांधून झाली. आता पिंप रिकामा करायचाय, नाहीतर गोठून तडकेल. आत दीडशे लिटर तरी पावसाचं पाणी आहे आणि ते गवतावर ओतायला माझा हात होत नाही. कालपासून दुधाचे रिकामे गॅलन भरून गॅरेजमध्ये लावतेय, वर चार बोटं जागा सोडून, गोठलं तर फुटायला नको. एकवीस झाले. आज सकाळी नवरा किल्ली हातात घेऊन दारात उभा, म्हणाला, "गाडी कुठे लावू ते सांग."