आधी गोठा बघा, मग डीपी: सेंद्रिय शेती की मातीविना?

गेल्या दिवाळीत भाचा दोन कागद घेऊन आला. नारायणगावपासून थोडं आत त्याचं सव्वा एकर बागायती रान आहे. पुण्यातली नोकरी सुटली होती आणि नुसत्या टोमॅटोच्या भावावर जगायचं नाही, एवढं त्याचं ठरलं होतं. एका कागदावर सेंद्रिय गटाची माहिती होती. दुसरं एका कंपनीचं हायड्रोपोनिक्सचं, म्हणजे माती न वापरता खताच्या पाण्यावर पीक घेण्याचं, कोटेशन, त्यात शेवटच्या पानावर ठळक अक्षरात 'माल आम्हीच उचलू'. "मामा, दोन्हींत रसायन नाही म्हणतात. मग कुठलं धरू?"

घोळ या प्रश्नातच होता. मातीविना शेतीत रसायन असतंच, पिकाचं सगळं जेवणच ते. युनिटवर गेलात तर शेजारी शेजारी दोन टाक्या दिसतील. 'ए' टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि लोह, 'बी' टाकीत पोटॅश, फॉस्फेट, सल्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. दोन टाक्या का, तर ही घट्ट द्रावणं एकमेकांत ओतली की कॅल्शियम सल्फेट-फॉस्फेटला धरून बसतो आणि तळाशी पांढरा गाळ जमतो. मग ड्रिपर तुंबतात आणि पीक उपाशी राहतं. पाकिटावर 'कीटकनाशकमुक्त' लिहिलं तर ते खरं असू शकतं. 'रसायनमुक्त' लिहिणारा मात्र गिऱ्हाइकाला फसवतोय. युरोपीय संघाच्या नियमांत तर मातीविना वाढवलेल्या भाजीला सेंद्रिय म्हणताच येत नाही, अमेरिकेत म्हणता येतं. म्हणजे खुद्द नियम करणाऱ्यांचंही यावर एकमत नाही.

आता सेंद्रियकडे येऊ. माझा जास्त जीव तिकडे आहे, म्हणून तिची उणीदुणीही मीच आधी काढतो.

सगळ्यात मोठी अडचण नत्राची, म्हणजे नायट्रोजनची. किडी-रोगांचं नंतर बघू. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत साधारण २०.७ किलो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ते अर्धा टक्का. एका गोणीइतकं नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टन खत लागतं, आणि पहिल्या हंगामात त्यातला थोडाच भाग पिकाला मिळतो. संकरित टोमॅटोची आपल्याकडची शिफारस हेक्टरी ३०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १२०. हे सगळं शेणखतातून काढायचं म्हटलं तर चोवीस टन झाले. ट्रॉलीत अडीच-तीन टन बसतं, तेव्हा आठ-नऊ ट्रॉल्या. एका जनावरामागे वर्षाला दोनेक टन कुजलेलं खत धरा. मग एका एकराला दहा-बारा जनावरं हवीत, आणि त्यांच्या वैरणीला आणखी रान हवं. शेजारच्या दुधवाल्याकडून खत विकत आणता तेव्हा ते रान दिसत नाही, पण ते कुणाचं तरी असतंच. शेणखतासोबत तणाचं बी आणि हुमणीही फुकट येते, ते वेगळं.

जीवामृताने भागत नाही का? दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधाची माती. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांमुळे ही कृती घरोघरी पोचली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यातल्या नत्राचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. शेणातून तीस-चाळीस ग्रॅम, बेसनातून सत्तरेक, गोमूत्रातून फार तर शंभर. सगळं मिळून पाव किलोसुद्धा भरत नाही. मानणारे म्हणतात, ते खत नाहीच, विरजण आहे, जिवाणू वाढवायला. कबूल, पण विरजण लावायला आधी दूध लागतं. ज्या रानातला सेंद्रिय कर्ब अर्धा टक्काही नाही, तिथे जिवाणू खाणार काय?

श्रीलंकेने हाच हिशेब देशपातळीवर चुकवला. २०२१ मध्ये गोटाबाया राजपक्षे सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि नोव्हेंबरपर्यंत बंदी मागे घ्यायला सुरुवात करावी लागली. पण त्या हंगामात भाताचं उत्पादन घसरलं आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. त्यावरून सेंद्रियच खोटं ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिथे चुकलं ते वेळेचं आणि शेणखताचं गणित. पण उत्पादन कमी येतं हे मान्य करायला हवं. २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा आला होता. त्यात सेंद्रियचं उत्पादन पीक आणि परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्के कमी निघालं. कडधान्यात आणि फळझाडांत फरक थोडा, भाजीपाल्यात जास्त. भाच्याला करायचा होता तो भाजीपालाच.

किडींचं म्हणाल तर टोमॅटोवरची ती परदेशी नागअळी, टूटा, २०१४ मध्ये पुणे भागातच पहिल्यांदा आढळली. कामगंध सापळे, निंबोळी अर्क, दशपर्णी यांनी ती आटोक्यात राहते, पण रोज पानं उलटी करून बघणारं माणूस लागतं. खुरपणीला बाया मिळाल्या तर तीनशे-चारशे रोज, आणि कांदालागणीच्या दिवसांत त्या मिळतच नाहीत. शेजाऱ्याच्या पंपाचा फवारा वाऱ्यावर आपल्या बांधात येतो, त्याला काय करणार?

प्रमाणपत्राची गोष्ट थोडक्यात. निर्यातीच्या निकषांत, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात (एनपीओपी), हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं आणि बहुवार्षिकांना पहिल्या तोडणीआधी तीन वर्षं रूपांतराची, म्हणजे रासायनिकवरून सेंद्रियवर येण्याची, धरतात. या काळात उत्पादन कमी येतं आणि भाव नेहमीचाच मिळतो. हा मधला खड्डा बुजवायला हाताशी पैसा हवा. पीजीएस गटात शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, तो मार्ग स्वस्त पडतो. वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असेल आणि थेट खाणाऱ्यालाच विकत असाल तर प्रमाणपत्राशिवायही चालतं. पुण्यात चाळीस घरांचं कायमचं गिऱ्हाईक जोडलेलं असेल तर एवढं पुरे.

आता दुसरा कागद.

ही कल्पना काही काल-परवाची नाही. कॅलिफोर्नियात गेरिक यांनी १९३७ मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द रूढ केला, त्याआधीपासून वनस्पतिशास्त्रज्ञ पाण्यात रोपं वाढवतच होते. फायदे खरे आहेत. पाणी फिरतं राहिल्याने खूप वाचतं, तण नाही, सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) नाहीत. तळेगाव-मावळात जरबेराच्या पॉलिहाऊसमध्ये लाल मातीचे बेड काही वर्षांत सूत्रकृमींनी आणि मूळकुजीने भरतात, तेव्हा माती उचलून टाकण्यापेक्षा कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या, पिशव्या परवडतात. सांगली-कोल्हापुरात उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेलं रान, नुसता मुरूम, शहरातली गच्ची, अशा जागी मातीविना पिकवणं हाच शहाणपणा. माती मुळात नाहीच किंवा कामातून गेलीय, तिथे हा पर्याय आहे. नारायणगावच्या चांगल्या काळ्या रानावर शेड उभारून त्यात पाइप मांडणं मला विहिरीशेजारी टँकर लावल्यासारखं वाटतं.

शिवाय खर्च. २०१४ च्या फलोत्पादन अभियानाच्या मापदंडात साध्या पॉलिहाऊसला मोठ्या क्षेत्रासाठी चौरस मीटरला ८४४ रुपये धरले होते, त्यावर निम्मं अनुदान. म्हणजे एका एकराचा नुसता सांगाडाच चौतीस लाखांच्या आसपास, तोही जुन्या दराने. आत पाइप, पंप, टाक्या, चिलर, आरओ वेगळे.

चिलर कशाला? उन्हाळ्यात द्रावण तापतं. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशाला साडेसात. तापलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात आणि पिथियम नावाची कुज लागते. एकाला लागली की त्याच फिरत्या पाण्यातून सगळ्यांना. जमिनीत कुज पसरते, पण इतक्या झपाट्याने नाही.

आणि वीज. ओळखीच्या एकाचं लेट्यूसचं युनिट होतं, पाइपांत पातळ पाणी फिरणारं, ज्याला एनएफटी म्हणतात. एप्रिलात रात्री डीपी, म्हणजे मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली, जनरेटरचं डिझेल पहाटे संपलं. सकाळी साडेदहाला मी पोचलो तेव्हा पानं अजून हिरवीच होती, पण हात लावला की ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. पाइपचं झाकण उघडलं तर मुळांचा पांढरा झुपका कडेने तपकिरी झालेला. दुपारपर्यंत सगळं संपलं. जमिनीतलं पीक पाण्यावाचून आठवडा काढतं, कोकोपीटची पिशवी उन्हाळ्यात जेमतेम अर्धा दिवस, एनएफटीला तासांचा हिशेब. म्हणून या वाटेने जायचंच असेल तर पाइपांपेक्षा पिशव्या बऱ्या. मात्र कोकोपीट आधी धुऊन घ्यावं लागतं, त्यात मीठ असतं. पिशवीखालून रोज निथळणारं खताचं पाणी कुठे सोडणार, हेही कोटेशनमध्ये कधी नसतं.

पिकतं काय, हेही बघा: लेट्यूस, बेसिल, रंगीत ढोबळी, चेरी टोमॅटो, म्हणजे हॉटेलांचा माल. मार्च २०२० मध्ये हॉटेलं बंद झाली तेव्हा हे लेट्यूस घ्यायला आठवडी बाजारात कोण येणार होतं? ज्वारी, तूर, कांदा, ऊस यांचं इथे नावच काढू नका. दुष्काळात हायड्रोपोनिक चाऱ्याचीही अशीच हवा झाली होती. किलोभर मक्यापासून आठवड्यात सहा किलो हिरवागार चारा! पण मक्यात नव्वद टक्के कोरडा अंश, चाऱ्यात तेरा-चौदा. सहा किलोंतून हाती येतो पाऊण किलोच्या वर थोडासा. जनावराला ओला घास मिळाला हे खरं, पण अन्न वाढलं नाही, उलट घटलं.

एवढं झाल्यावर मी भाच्याला तीनच गोष्टी विचारल्या. जनावरं किती? दोन गायी. डीपीवर मोटारी किती? अकरा. विहिरीच्या पाण्याचा ईसी, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं माप? तो गप्प. नमुना तपासून आणला तर १.६ आला. लेट्यूसच्या तयार द्रावणाचाच ईसी एवढा ठेवतात, म्हणजे खत घालायला जागाच नाही. आरओ लावा आणि त्याचं खारं पाणी पुन्हा रानातच सोडा.

दोन गायींच्या खतावर दहा-बारा गुंठे नीट होतील. तेवढ्यात पालेभाज्या आणि शेंगवर्गीय, पुण्यातल्या ओळखीच्या घरांसाठी. उरलेल्या रानात या पावसाळ्यात ताग गाडायचा, त्यातून एकरी पंचवीस-तीस किलो नत्र येतं, पण दीड-दोन महिने रान अडकतं. टोमॅटोला युरिया लागेल तेवढा द्यायचा, माती परीक्षण बघून. याला सेंद्रिय म्हणायचं नाही, आणि तसं सांगून विकायचंही नाही.

परवा कोटेशनवाल्यांचा पुन्हा फोन आला. भाच्याने एवढंच विचारलं, "माल उचलण्याच्या करारात किलोचा दर लिहून द्याल का?" ते म्हणाले, साहेबांना विचारून कळवतो.